प्रस्तावना : पेशी, रेणू आणि पीएच.डी.ची वर्षे

पेशीविज्ञान आणि रेणवीय जीवशास्त्र ही दोन नावे आज जोडीने घेतली जात असली, तरी त्यांचे उगम वेगवेगळे आहेत. पहिले शास्त्र सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणाऱ्यांनी वाढवले. दुसरे, पेशीतील डीएनए, आरएनए आणि प्रथिने या मोठ्या रेणूंच्या वागणुकीवरून जीवनव्यापाराचा उलगडा करू पाहणारे, 1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना मांडल्यानंतर झपाट्याने उभे राहिले. या दोहोंच्या सांध्यावर भारतात गेल्या अर्धशतकात जे काम झाले, त्याची चर्चा बहुधा संस्थांच्या आणि त्यांच्या संचालकांच्या नावाने होते. प्रत्यक्षात प्रयोगशाळेच्या टेबलाशी उभे राहून ते काम ज्यांनी केले, त्यांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. म्हणून या शाखेतील डॉक्टरेट संशोधन म्हणजे काय, ते कसे चालते आणि त्यातून नेमके काय हाती लागते, हा स्वतंत्र विचाराचा विषय ठरतो, आणि तो मांडण्यासाठी हैदराबादइतके सोयीचे शहर दुसरे सापडणे कठीण आहे.

मराठी वाचकाला हे शहर परके नाही. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचा भाग होता आणि 1958 मध्ये औरंगाबादला स्वतंत्र विद्यापीठ निघेपर्यंत तिकडच्या महाविद्यालयांचा संबंध उस्मानिया विद्यापीठाशी होता. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठणे ही नांदेड-परभणीकडच्या घरांतली जुनी वहिवाट होती. जीवशास्त्राशीही या शहराचे नाते जुने आहे. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी 20 ऑगस्ट 1897 रोजी दिसला तो सिकंदराबादेतच. पुढे निजामाच्या राजवटीत, 1944 मध्ये, येथे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधनाची मध्यवर्ती प्रयोगशाळा निघाली. ती 1956 मध्ये केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे, म्हणजे सीएसआयआरकडे गेली आणि प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. तेल, कोळसा आणि रसायने हे तिचे मुख्य विषय. अशा ठिकाणी जीवरसायनाचा एक विभाग टिकून राहिला तो पुष्प मित्र भार्गव यांच्या चिकाटीमुळे.

भार्गव मुळात सेंद्रिय रसायनाचे अभ्यासक होते आणि लखनौ विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना 1949 मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी मिळाली होती. अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे कर्करोगविषयक प्रयोगशाळेत काही वर्षे काढल्यावर ते जीवशास्त्राकडे वळले, आणि रसायनांच्या कारखानदारीला वाहिलेल्या संस्थेत राहून आधुनिक जीवशास्त्राची वेगळी संस्था हवी हा आग्रह त्यांनी सोडला नाही. त्यातून एप्रिल 1977 मध्ये पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्र, म्हणजेच सीसीएमबी, सुरू झाले. उप्पल रस्त्यावर हबसीगुडा भागातील त्याची आजची वास्तू पंतप्रधान राजीव गांधी यांनी 26 नोव्हेंबर 1987 रोजी राष्ट्राला अर्पण केली. भार्गव यांची मते अनेकांना अडचणीची वाटत आणि वाद त्यांनी कधी टाळले नाहीत. पण महागडी उपकरणे कोणा एका प्राध्यापकाच्या कुलपात न राहता सर्वांना खुली असावीत, आणि विद्यार्थ्याने भर सभेत संचालकालाही प्रश्न विचारावा, या दोन गोष्टींसाठी या देशातील जीवशास्त्राने त्यांचे ऋण मानले पाहिजे.

तोवर या शाखेतील संशोधनाचा मार्ग बहुतांशी परदेशातून जात असे. कमला सोहोनी यांनी 1939 मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली; बटाट्यावर काम करताना, पेशीच्या श्वसनात भाग घेणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन वनस्पतींतही असते असे त्यांना आढळले, आणि तोच त्यांच्या संशोधनाचा गाभा ठरला. त्यांचा प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता, असे सांगितले जाते. आज दोनशे पानांच्या प्रबंधालाही कोणी जाड म्हणत नाही, परंतु पानांच्या या वाढीबरोबर विचारही तितकाच वाढला असे मानण्याचे कारण नाही.

डॉक्टरेटच्या कामाचा पल्ला किती लांब जाऊ शकतो, याचे हैदराबादेतील सर्वांत ठळक उदाहरण लालजी सिंह यांचे आहे, आणि ते जरा विस्ताराने पाहण्यासारखे आहे. जौनपूर जिल्ह्यातील कलवारी गावच्या या शेतकऱ्याच्या मुलाने बनारस हिंदू विद्यापीठात सापांच्या गुणसूत्रांवर संशोधन करून 1971 मध्ये पीएच.डी. मिळवली. गुणसूत्रे म्हणजे पेशीच्या केंद्रकातील, डीएनए आणि प्रथिने यांच्या घट्ट गुंडाळ्या. माणसात पुरुषाची लिंगगुणसूत्रे एकमेकांहून वेगळी असतात, तर बहुतेक सापांत मादीची. त्यांना झेड आणि डब्ल्यू अशी नावे आहेत. अजगरासारख्या जुन्या वंशात लिंगगुणसूत्रे जवळजवळ सारखी दिसतात, तर विषारी सापांत डब्ल्यू वेगळे, आखडलेले आणि गडद रंग घेणारे असते. एकाच प्राणिगटात हा सारा क्रम पाहायला मिळत असल्यामुळे, लिंगगुणसूत्रे उत्क्रांतीत कशी घडली हा प्रश्न सापांना विचारता येतो. अशा प्रश्नाचा पोलिसांना, न्यायालयाला किंवा कोणत्याही मंत्रालयाला काही उपयोग असेल, असे त्या वेळी कोणी म्हटले नसते.

पुढे एडिंबरा येथे काम करताना सिंह यांनी पट्टेरी मण्यार या सापाच्या मादीपासून डीएनएचा एक विशिष्ट अंश वेगळा केला, जो डब्ल्यू गुणसूत्रावर दाटीने आढळत होता. त्यात जीएटीए ही चार अक्षरे पुन्हा पुन्हा येत होती, आणि तशीच पुनरावृत्ती उंदरात व माणसातही असल्याचे दिसून आले. हे तुकडे जनुकसंचात अनेक जागी विखुरलेले असतात आणि प्रत्येक जागी पुनरावृत्ती किती वेळा झाली हे माणसागणिक बदलते. डीएनए विकरांनी कापून, जेलमध्ये लांबीनुसार वेगळा करून, त्यावर किरणोत्सारी खूण लावलेला हा अंश बसवला की क्ष-किरणांच्या फिल्मवर काळ्या पट्ट्यांची रांग उमटते. अपत्याच्या रांगेतील प्रत्येक पट्टी आईच्या नाहीतर वडिलांच्या रांगेत सापडावी लागते. इंग्लंडमध्ये लेस्टर येथे अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये वेगळ्या अंशाच्या साहाय्याने ही युक्ती शोधली होती. 1987 मध्ये सीसीएमबीत आलेल्या सिंह यांनी दुसऱ्याच वर्षी मण्यारीच्या अंशावर भारताची स्वतःची पद्धत उभी केली. केरळमधील एका पितृत्वाच्या खटल्यात ती प्रथम न्यायालयाच्या कसोटीला उतरली, राजीव गांधी यांच्या हत्येच्या तपासात मृतांची ओळख पटवण्यासाठी तिचा उपयोग झाला, आणि 1990 च्या दशकात हैदराबादेतच डीएनए फिंगरप्रिंटिंगसाठी सीडीएफडी ही वेगळी संस्था निघाली. बनारसच्या प्रबंधात सापांऐवजी तात्काळ उपयोगाचा विषय असता, तर यांतले काहीही घडले नसते. संशोधनाचा उपयोग आधी लिहून मागणाऱ्या अर्जांनी ही गोष्ट विसरू नये.

मात्र अशा दीर्घ पल्ल्याच्या कथा सांगताना एक धोका असतो, तो म्हणजे प्रत्यक्ष कामाचा कस नजरेआड होण्याचा. पीएच.डी.ची वर्षे शोधांनी नव्हे, तर शंकानिरसनाने भरलेली असतात. त्याचा सर्वांत साधा नमुना रोजच्या पीसीआरमध्ये दिसतो. पीसीआर म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती तयार करण्याची पद्धत. विद्यार्थी मायक्रोपिपेटने एकेका थेंबाच्या अंशाइतके द्रव छोट्या नळ्यांत मोजून घालतो आणि शेवटच्या नळीत डीएनएच्या जागी मुद्दाम नुसते पाणी घालतो. यंत्रातून नळ्या बाहेर आल्यावर त्यांतील द्रव निळ्या रंगात मिसळून जेलच्या खाचांत भरला जातो, वीजप्रवाहाने तुकडे पुढे सरकतात आणि अतिनील प्रकाशात नारिंगी पट्ट्या चमकतात. हव्या असलेल्या सगळ्या पट्ट्या स्वच्छ उमटल्या आणि पाण्याच्या ओळीतही एक फिकी पट्टी दिसली, तर तो सारा निकाल बाद होतो. कोठून तरी परका डीएनए मिसळला, म्हणजेच लॅबच्या भाषेत कंटॅमिनेशन झाले, असा त्याचा अर्थ असतो. मग जुनी रसायने फेकायची, नवे प्रायमर, म्हणजे प्रत बनवायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, छोट्या वाट्यांत विभागायचे, पिपेट पुसायची आणि रिपीट करायचे. पाण्याच्या त्या नळीला कंट्रोल म्हणतात. निकाल स्वतःच्या मताला अनुकूल असतानाही कंट्रोलकडे आधी पाहण्याची सवय ज्याला लागली, तो संशोधक झाला, असे म्हणायला हरकत नाही; बाकीचे तंत्र कोणालाही काही महिन्यांत शिकवता येते.

कामाचा वेगही विद्यार्थ्याच्या हाती नसतो. ई. कोलाय हा जिवाणू चांगल्या आहारात वीस मिनिटांत दुप्पट होतो, म्हणून त्यावर काम करणाऱ्याला सकाळी सुरू केलेल्या प्रयोगाचे उत्तर दुसऱ्या सकाळी प्लेटवर दिसते. माणसाच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या तर त्यांना दुप्पट व्हायला साधारण एक दिवस लागतो आणि रविवार असो वा दिवाळी, त्यांना नवे मीडिया, म्हणजे पोषक द्रव, द्यावेच लागते. उंदराची गर्भावस्था तीन आठवड्यांची. भाताची एक पिढी म्हणजे एक हंगाम. एकाच वर्षी प्रवेश घेतलेले दोन विद्यार्थी म्हणूनच वेगवेगळ्या काळात जगत असतात, आणि त्यांना एकाच मापाने मोजणाऱ्या समित्या हा भेद क्वचितच ध्यानात घेतात.

लहान दिसणारा प्रश्न किती खोल जातो, हे सीसीएमबीतील मंजुला रेड्डी यांच्या प्रयोगशाळेच्या कामावरून समजते. जिवाणूच्या पेशीभोवती पेप्टिडोग्लायकन नावाची भक्कम जाळी असते. साखरेच्या लांब साखळ्या आणि त्यांना आडवे सांधणारे अमिनो आम्लांचे छोटे दुवे मिळून ती बनते. पेशीच्या आत मोठा दाब असल्याने जाळी कोठे फाटली तर पेशी फुटते, आणि पेनिसिलिनसारखी औषधे नेमका याचाच फायदा घेतात. परंतु पेशी वाढायची असेल तर जाळीत नवा धागा घालावा लागतो, आणि त्यासाठी जुने दुवे आधी कापावे लागतात. बाजेवर माणूस झोपलेला असताना त्याला खाली न पाडता सुंभ कापून बाज रुंद करावी, तसे हे काम आहे. हे कापणारे विकर कोणते, हा प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. त्याचे कारण असे की कोणतेही एक विकर काढून टाकले तरी जिवाणू जगत असे, आणि जे काढल्याने काही बिघडत नाही ते महत्त्वाचे नाही, असा समज सहज होत असे. रेड्डी यांच्या गटाने 2012 मध्ये दाखवले की अशी तीन विकरे एकमेकांची उणीव भरून काढतात. तिन्ही एकदम नाहीशी केली की वाढ थांबते आणि पेशी फुटते. यातील तर्क शुद्ध आनुवंशिकीचा आहे, उपकरणे फारशी लागत नाहीत, पण एकेक जनुक काढून, जोड्या लावून, प्रत्येक जोडी कोणत्या आहारावर जगते आणि कोणत्या आहारावर मरते हे पाहायला वर्षे लागतात. त्या वर्षांचा मोठा हिस्सा संशोधक विद्यार्थ्यांचा असतो. या कामासाठी रेड्डी यांना 2019 चा इन्फोसिस पुरस्कार मिळाला.

या केंद्राच्या जुन्या कामातील एक प्रसंग विज्ञानाच्या दुरुस्तीबद्दल बरेच सांगतो. भार्गव यांच्या गटाने 1979 मध्ये बैलाच्या वीर्यद्रवातून सेमिनलप्लाझ्मिन नावाचे जिवाणूनाशक प्रथिन शोधून काढले. परदेशातील दुसऱ्या गटाने त्याच द्रवातून शुक्राणूंमध्ये कॅल्शियम शिरण्यास अटकाव करणारे प्रथिन मिळवून त्याला कॅल्ट्रिन असे नाव दिले. दोघांची कामे निराळी, नावे निराळी; परंतु अमिनो आम्लांचा क्रम बारकाईने तपासल्यावर दोन्ही प्रथिने एकच आहेत असे निष्पन्न झाले, आणि सीसीएमबीतील संशोधकांनी 1986 मध्ये ते तितक्याच सरळ शीर्षकाखाली प्रसिद्ध केले. कोणाचा जय झाला हा मुद्दाच येथे गैरलागू आहे. क्रम तपासून पाहण्याचे कंटाळवाणे काम कोणी तरी केले, हे पुरे आहे.

शेतापर्यंत पोचलेले काम नाही, असेही नव्हे. आंध्र-तेलंगणात सांबा मसुरी हा बारीक दाण्याचा तांदूळ फार लोकप्रिय आहे, पण त्यावर जिवाणूजन्य करपा पडतो. सीसीएमबी आणि हैदराबादेतीलच भात संशोधन संचालनालय यांनी मिळून रोगप्रतिकारक तीन जनुके नेहमीच्या संकराने या वाणात आणली, आणि प्रत्येक पिढीतील कोणत्या रोपात तिन्ही उतरली आहेत हे जनुकाजवळच्या डीएनएखुणा पाहून ठरवले. रोप रोगट होण्याची वाट पाहावी लागत नाही, हा या पद्धतीचा लाभ. बाहेरचे जनुक प्रयोगशाळेत घुसवलेले नसल्याने तो जनुकीय बदल केलेला वाणही ठरत नाही. सुधारित सांबा मसुरी 2008 मध्ये प्रसारित झाली. दुसऱ्या टोकाला वीणा परनाईक यांच्यासारख्या संशोधकांचे काम आहे. केंद्रकाच्या आवरणाला आतून आधार देणाऱ्या लॅमिन या प्रथिनांचा त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. या प्रथिनांत बिघाड झाला की स्नायूंचे काही आनुवंशिक आजार आणि अकाली वार्धक्याचा एक विकार उद्भवतो, एवढे ठाऊक असले तरी त्यावर रामबाण औषध अजून नाही, आणि म्हणून ते काम कमी मोलाचे ठरत नाही.

आता विद्यार्थ्याच्या बाजूने या व्यवस्थेकडे पाहिले पाहिजे. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळवून आणि मुलाखत देऊन तो संस्थेत येतो. सीसीएमबीतील विद्यार्थ्यांची पीएच.डी. पूर्वी बहुधा जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची असे. आता सीएसआयआरच्या प्रयोगशाळांसाठी संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली अकादमी ती पदवी देते. तिच्या नियमांत अभ्यासक्रम, संशोधन-प्रस्ताव आणि सल्लागार समितीपुढील वार्षिक सादरीकरण यांबरोबर ग्रामीण समाजाशी निगडित काही आठवड्यांचा एक प्रकल्पही आहे. ही कल्पना चांगली आहे, पण ती मनापासून राबवली जाते की हजेरीपुरती उरकली जाते, हे मार्गदर्शकावर अवलंबून राहते. खरे तर या साऱ्या व्यवस्थेत फार जास्त गोष्टी मार्गदर्शकावर अवलंबून आहेत. विषय, उपकरणे, लेखावरील नावांचा क्रम, पुढच्या नोकरीसाठीचे शिफारसपत्र, हे सर्व एकाच व्यक्तीच्या हाती असते. ती व्यक्ती उदार असेल तर ही वर्षे आयुष्यभर पुरतात, नसेल तर दाद मागायची कोठे हे विद्यार्थ्याला नीटसे माहीत नसते.

पैशाचा प्रश्न याहून उघड आहे. जानेवारी 2023 पासून जेआरएफची रक्कम दरमहा 31,000 वरून 37,000 रुपये आणि वरिष्ठ पाठ्यवृत्तीची 35,000 वरून 42,000 रुपये झाली. रक्कम वाईट नाही. परंतु तिची मुदत एकूण पाच वर्षांची आहे, आणि जीवशास्त्रातील प्रबंध पाच वर्षांत पुरा होईलच असे नाही. जे प्रतिपिंड परदेशातून मागवावे लागते, ते सीमाशुल्काच्या गोदामात बर्फ वितळेपर्यंत पडून राहिले तर त्याची भरपाई पाठ्यवृत्तीच्या मुदतीत मिळत नाही. शेवटचे प्रयोग आणि लेखन ही कामे अनेकांना अशा वेळी करावी लागतात, जेव्हा घरचे लोक नोकरीची विचारणा करू लागलेले असतात आणि बँकेत काही जमा होत नसते. मुदत जीवाच्या पिढीप्रमाणे आणि समितीच्या शिफारशीने वाढवता यावी, इतकी साधी सुधारणाही अजून पूर्णपणे रुळलेली नाही. ती झाली पाहिजे.

पदवीनंतरची वाट अरुंद आहे, हे झाकण्यात अर्थ नाही. बहुतेकांना आणखी काही वर्षे परदेशात पोस्टडॉक करावे लागते आणि परतल्यावर प्राध्यापकाची जागा मिळण्याची खात्री नसते. हैदराबादेत निदान एक पर्याय शेजारीच आहे. शांता बायोटेक्निक्सने 1997 मध्ये कावीळ ब ची पहिली भारतीय बनावटीची पुनर्संयोजित लस बाजारात आणली, तेव्हा तिच्या आरंभीच्या संशोधनाला जागा मिळाली होती ती उस्मानिया विद्यापीठात आणि सीसीएमबीत. त्यानंतर शहराभोवती वाढलेल्या लसी आणि औषधांच्या उद्योगाला प्रयोगशाळेत तयार झालेली माणसे लागतात. कोविडच्या साथीत नमुने तपासणे आणि विषाणूचा जनुकीय क्रम वाचणे ही कामे सीसीएमबीने अंगावर घेतली, तेव्हा त्यात विद्यार्थीही होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय कोणताही असो, पाण्याची ओळ रिकामी आहे ना हे पाहण्याची सवय तेथे कामी आली.

मराठीत विज्ञानावर लिहिणाऱ्यांची परंपरा चांगली आहे. परंतु ती शोधांच्या निकालांवर अधिक आणि शोधण्याच्या रीतीवर कमी बोलते. निकाल पाठ्यपुस्तकात मिळतो. रीत समजून घ्यायची असेल तर प्रबंधच उघडावा लागतो, आणि ते आता अवघड राहिलेले नाही: भारतीय विद्यापीठांचे असंख्य प्रबंध शोधगंगा या सार्वजनिक संग्रहात कोणालाही विनामूल्य वाचता येतात. जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि विषयाची ओढ असलेल्या सर्वसाधारण वाचकांनी त्यांतला पेशी किंवा रेणवीय जीवशास्त्रावरचा एक तरी प्रबंध काढून पाहावा, आणि सुरुवात निष्कर्षांपासून न करता साहित्य व पद्धती या प्रकरणापासून करावी.